एमएस आपल्याकडे किती जणांना असतो? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

माझ्या ताईला एमएस आहे. ती भुसावळला असते, मी जळगावात. तिच्यामुळे या आजाराच्या लोकांशी ओळखी होत गेल्या आणि आता कुणाच्या घरात नवीन निदान झालं की फोन फिरत फिरत माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही, औषधं मी सांगत नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत हमखास एक प्रश्न येतो, "भाऊ, हे अजून कोणाला आहे का आपल्याकडे?" हे सगळं त्या प्रश्नासाठी लिहिलंय.

एमएस म्हणजे काय, थोडक्यात?

मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू, मणक्यातली मज्जारज्जू आणि डोळ्याची नस, इथल्या मज्जातंतूंवर वायरवर असतं तसं एक आवरण असतं, त्याला मायलिन म्हणतात. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच ते आवरण कुरतडते. जिथे कुरतडलं तिथलं काम बिघडतं, म्हणून एकाला डोळ्यापुढे धूर, दुसऱ्याला पाय बधिर, तिसऱ्याला लघवीचा त्रास, आणि थकवा मात्र जवळजवळ सगळ्यांना. संसर्गाचा नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. १८६८ साली पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरने तो नीट मांडला, म्हणजे आजार नवा नाहीये, आपल्याला माहीत नव्हता एवढंच.

पण हा तर गोऱ्या लोकांचा आजार ना? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी असंच सांगितलं.

डॉक्टरांची चूक नाही, त्यांच्या पुस्तकात तेच होतं. १९८० च्या दशकात भारतातला अंदाज लाखाला एक-सव्वा असा धरला जायचा. एवढ्या कमी आकड्याचा आजार समोर आला तरी डॉक्टरच्या डोक्यात तो पहिला, दुसरा काय, दहावाही येणार नाही, आणि डोक्यात आला नाही म्हणून निदान होणार नाही, आणि निदान झालं नाही म्हणून आकडा परत तेवढाच राहणार. असं ते चक्र बरीच वर्षं फिरत राहिलं.

जगात २०२० च्या मोजणीत साधारण २८ लाख लोक होते, २०२३ च्या सुधारित आकड्यात २९ लाख. म्हणजे जगाचा सरासरी दर लाखाला ३६ च्या आसपास. जर्मनीसारख्या देशात लाखाला ३०० च्या घरात, आणि स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी म्हणून बेटं आहेत तिथे तर ४०० च्या वर. त्यांच्यापुढे आपण कमीच आहोत, ते खरंय. पण कमी म्हणजे नाहीच असं नाही.

मग भारतातल्या शहरात खरा आकडा किती?

ज्याच्यावर बोट ठेवता येईल असा एक आकडा मंगळूरचा आहे. २०१४ मध्ये तो छापून आला, मंगळूर शहरातल्या रहिवाशांमध्ये लाखाला ८.३५. मला हा आकडा आवडतो कारण तो देशाचा अंदाज नाहीये, एका ठरावीक शहराचा आहे, आणि मंगळूर हे साधारण जळगावएवढंच शहर आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या थोडं पुढे, मंगळूर पाच लाखांच्या थोडं अलीकडे.

आता दोन्ही शहरांत फरक काय, तर मंगळूरला मेडिकल कॉलेजं गल्लोगल्ली म्हणावीत इतकी. न्यूरोलॉजिस्ट आहेत, एमआरआय आहेत, आणि मुख्य म्हणजे याच आजारावर काम करणारी माणसं तिथे बसलेली आहेत. शोधणारा असला की सापडतं. लाखाला सव्वा आणि लाखाला सव्वाआठ यांच्यामधला बराचसा फरक आजाराचा नसून शोधणाऱ्यांचा आहे, असं माझं मत.

याच हिशोबाने जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारला किती निघतील?

हा सर्व्हे नाही, नुसता गुणाकार आहे, हे आधी सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी "जळगावात ३८ पेशंट" म्हणून पुढे ढकलेल.

मंगळूरचा दर २०११ च्या लोकसंख्येला लावला तर जळगाव शहरात ३८, धुळ्यात (पावणेचार लाख) ३१, भुसावळला (पावणेदोन लाखांच्या वर) १५-१६, नंदुरबार शहरात नऊच्या आसपास. चार शहरं मिळून नव्वदच्या वर. २०११ नंतर शहरं केवढी पसरलीत ते तुम्ही बघताच आहात, त्यामुळे आज आकडा आणखी वरच जाईल. जळगाव शहर उचलून जर्मनीत नेऊन ठेवलं तर मात्र तेराशे-चौदाशे निघतील.

आणि हे ३८ म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. आकडा लहान असला की नशिबाचा खेळ मोठा असतो. दर अगदी बरोबर असला तरी प्रत्यक्षात २६ सापडले किंवा ५० सापडले तरी आश्चर्य नको. त्यामुळे "धुळ्यात जळगावपेक्षा जास्त" किंवा "कमी" अशी भांडणं कृपया लावू नका, एवढ्याशा आकड्यात ती टिकत नाहीत.

मला स्वतःला ३८ हा आकडा पहिल्यांदा कागदावर दिसला तेव्हा बरं वाटलं होतं, विचित्र आहे पण खरंय. तोपर्यंत ताई सोडून मी एकही एमएसवाला माणूस बघितला नव्हता. ३८ म्हणजे एसटीची एक बस जवळपास भरते की.

प्रिव्हलन्स आणि इन्सिडन्स, हे दोन शब्द रिपोर्टात येतात, फरक काय?

भुसावळवाल्यांना पटकन कळेल. रेल्वे यार्डात आत्ता या क्षणी किती डबे उभे आहेत ते मोजलं तर ते प्रिव्हलन्स, म्हणजे आज किती लोक हा आजार घेऊन जगताहेत. आज दिवसभरात नवीन किती डबे यार्डात आले ते इन्सिडन्स, म्हणजे वर्षभरात नवीन किती जणांना झाला.

आता येणारे डबे तेवढेच असले पण सुटणारे कमी झाले तर यार्ड भरणारच ना. एमएस हा जन्मभराचा आजार आहे, विशी-तिशीत सुरू होतो, जगात निदानाचं सरासरी वय ३२ आहे, आणि माणूस पुढे कित्येक दशकं जगतो. उपचार सुधारले, लोक जास्त जगायला लागले, की नवीन पेशंट न वाढताही प्रिव्हलन्स वाढतो. म्हणून प्रिव्हलन्स वाढला अशी बातमी वाचली की घाबरायच्या आधी विचारा, येणारे वाढले का जाणारे कमी झाले?

एमएसबद्दल जे आकडे आपल्याकडे फिरतात ते बहुतेक प्रिव्हलन्सचे असतात. वर्षाला नवीन किती हे मोजायला वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी बसून नोंद ठेवावी लागते.

पारशी लोकांमध्ये जास्त असतो म्हणतात, खरं का?

हो. १९८० च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या पारशांमध्ये अभ्यास झाला तेव्हा लाखाला २६ असा दर निघाला, म्हणजे तेव्हाच्या भारताच्या अंदाजाच्या वीसपट. एकाच शहरात, एकच पाणी, एकच हवा, आणि तरी एवढा फरक, म्हणून जनुकांचा हात आहे असं म्हणायला जोर आला. पण त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. तो समाज छोटा, कॉलन्यांमध्ये राहणारा, शिकलेला, स्वतःची हॉस्पिटलं असलेला, तिथे पेशंट निसटणं अवघड. आणि लाखाला २६ म्हणायचं खरं पण मुंबईत पारशी माणसं मिळून लाखभरसुद्धा नव्हती. दर "लाखाला" असला म्हणजे लाख लोक तपासले असं नसतं, हे कुठलाही आकडा वाचताना डोक्यात ठेवा.

हॉस्पिटलात विचारलं की झालं, तिथून मोजता येणार नाही का?

इथेच सगळी गंमत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

दर काढायला दोन आकडे लागतात, वर पेशंट आणि खाली लोकसंख्या, आणि दोन्ही एकाच गावचे पाहिजेत. आता जळगावातल्या एखाद्या न्यूरोलॉजिस्टच्या दवाखान्यात सकाळी बाहेरच्या बाकड्यावर कोण बसलेलं असतं ते बघा. एक मलकापूरचा, म्हणजे बुलढाणा जिल्हा. एक बऱ्हाणपूरची, म्हणजे राज्यच वेगळं. चोपड्याचा, पाचोऱ्याचा, आणि जळगाव शहराचा कदाचित एखादा. हे सगळे वर धरले आणि खाली जळगाव शहराची लोकसंख्या ठेवली तर दर फुगणार. उलट बाजूने, जळगावचाच पैसेवाला पेशंट सरळ मुंबई-पुण्याला जातो, धुळ्याचा नाशिकला, आणि नंदुरबारच्या माणसाला तर सुरतची गाडी पकडणं सगळ्यात सोपं. नंदुरबारच्या पेशंटची फाइल गुजरातेत, मग तो नंदुरबारच्या आकड्यात येणार कुठून? त्याच्यामुळे दर खाली बसणार.

आमच्या ताईचंच घ्या. राहते भुसावळला, पहिला एमआरआय जळगावचा, निदान पुण्यात, आणि पुण्याच्या कागदावर पत्ता लिहिलाय माझ्या चुलतभावाचा, कारण ॲडमिट करताना त्याचं आधार कार्ड हातात होतं. तिला मोजायचं कुठे? पुण्याने मोजली तर चूक, जळगावने मोजली तर चूक, आणि भुसावळला तिची नोंदच नाही.

म्हणून जे नीट काम करतात ते एका हद्दीत राहणारे लोक धरतात, अमुक तारखेला जे या शहराचे रहिवासी आहेत तेच, मग निदान मुंबईला झालं असो की वेल्लोरला. सगळ्या न्यूरोलॉजिस्टांच्या याद्या, एमआरआय सेंटरच्या याद्या, पेशंटच्या संघटनेची यादी, सगळं एकत्र करून डबल नावं काढतात. आणि एक भारी युक्ती असते. समजा डॉक्टरांच्या यादीत ३० नावं, एमआरआयच्या यादीत २०, आणि दोन्हीकडे असलेली फक्त १०. म्हणजे एमआरआयच्या यादीतल्या निम्म्या लोकांनाच डॉक्टरांच्या यादीने पकडलं होतं. मग डॉक्टरांची यादी सगळ्या शहरातलेही निम्मेच पकडत असणार, म्हणजे खरे पेशंट ६० च्या आसपास. तळ्यातले मासे मोजताना करतात तेच, थोडे पकडून खूण करून सोडायचे आणि दुसऱ्यांदा जाळं टाकल्यावर खुणेचे किती येतात ते बघायचं. (वरचे आकडे समजायला घेतलेत, कुठल्या गावचे नाहीत.)

एम्स दिल्लीच्या पुढाकाराने देशभरातल्या हॉस्पिटलांची मिळून एमएसची नोंदवही सुरू झालेली आहे. तिच्यामुळे आपल्याकडचा पेशंट कसा असतो, कोणती औषधं घेतो ते कळतं. पण लाखाला किती हे हॉस्पिटलच्या नोंदीतून सरळ निघत नाही, कारण वर सांगितलं तेच.

सगळे अभ्यास शहरातलेच का? खेड्यात होत नाही का हा आजार?

होतो. शहरात मोजायला सोपं जातं म्हणून शहरात मोजतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बाईच्या डोळ्यापुढे पंधरा दिवस अंधारी आली आणि आपोआप गेली तर ती न्यूरोलॉजिस्टपर्यंत कशी पोचणार? ती भगताकडे जाऊन येणार, आणि बरं वाटलं की विषय संपला. एमएसचा पहिला झटका बऱ्याचदा आपोआपच ओसरतो, त्यामुळे भगतही बरोबर ठरतो आणि देवीही.

शहरात खरोखरच थोडा जास्त असेलही, सिगारेट, लठ्ठपणा, घरात बसून राहणं वगैरे. पण "शहरात जास्त सापडला" आणि "शहरात जास्त होतो" यातला फरक खेड्यात दारोदार गेल्याशिवाय कळणार नाही.

निदानाला एवढा उशीर का होतो? आणि त्याचा आकड्याशी काय संबंध?

ताईचा डावा डोळा एका दिवाळीत धुरकट झाला. आजी म्हणाली, "नजर लागनी व्हई". मीठ-मिरची ओवाळून झाली, मग चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप दिले, महिन्याभरात डोळा साफ. सगळे खूश. दोन वर्षांनी कमरेखाली मुंग्या, चालताना चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचंच नाही, मागून कोणीतरी हाक मारून सांगायचं की बाई तुमची चप्पल राहिली. तेव्हा बी-१२ कमी निघालं, शाकाहारी घर, इंजेक्शनं झाली. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं, हे तिने कुणाला सांगितलंच नाही कारण तिला वाटलं सगळ्यांनाच होतं. शेवटी तोल जायला लागला तेव्हा एमआरआय. डोळ्यापासून निदानापर्यंत चार वर्षं.

ही चार वर्षं ताईला एमएस होताच, पण जगातल्या कुठल्याही आकड्यात ती नव्हती. आत्ता या घडीला खान्देशात अशा किती ताया बी-१२ ची इंजेक्शनं घेत असतील? प्रिव्हलन्सचा आकडा हा नेहमी निदान झालेल्यांचा असतो, म्हणजे कमीत कमीचा.

आपल्याकडे डॉक्टरांचं कामही अवघड आहे, खोटं कशाला बोला. मेंदूत डाग दिसला की इथे आधी टीबी बघावा लागतो, मेंदूतला जंत बघावा लागतो, बी-१२ बघावं लागतं. आणि एमएसचा एक जुळा भाऊ आहे, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका). तोही डोळा आणि मणका धरतो. पूर्वी बऱ्याच एनएमओवाल्यांना एमएसच म्हणायचे, २००४ मध्ये त्याची रक्तातली खूण, ॲक्वापोरिन-४ ची ॲन्टीबॉडी सापडली तेव्हापासून वेगळे काढता येतात. हे नुसतं नावापुरतं नाही, एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलटी पडतात. म्हणजे जुन्या आकड्यांत एका बाजूने एमएसचे लोक निसटलेत आणि दुसऱ्या बाजूने एमएस नसलेले आत शिरलेत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत एकदम एवढे पेशंट कुठून आले? मोबाईल? केळीवरची फवारणी?

फवारणीचा प्रश्न रावेर-यावलकडून हटकून येतो. फवारणीचे स्वतःचे वाईट परिणाम आहेतच, मास्क-हातमोजे न घालता फवारू नका, पण तिच्यामुळे एमएस होतो असं सिद्ध झालेलं नाही. मोबाईलचंही तसंच.

पेशंट "आले" त्याचं मोठं कारण यंत्र आहे. एमआरआयशिवाय एमएस पकडणं म्हणजे अंधारात सुई. जिल्ह्याच्या गावाला एमआरआय नव्हता तेव्हा तिथे एमएसही नव्हता! दुसरं, निदानाचे नियम बदलले. २००१ मध्ये मॅकडोनाल्ड नावाचे निकष आले, मग २००५, २०१०, २०१७ अशा सुधारणा होत गेल्या आणि दर वेळी निदान लवकर करता यायला लागलं. पूर्वी दुसऱ्या झटक्याची वाट बघावी लागायची, आता कित्येकदा पहिल्या झटक्यातच एमआरआय आणि पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीवरून नाव देता येतं. नियम सैल झाला की आकडा वाढतो, आजार आहे तेवढाच असला तरी.

आमच्या कॉलनीत तिघांना आहे. पाण्यात काही आहे का?

मूठभर दादर ज्वारी घ्या आणि फरशीवर फेका. एका फरशीवर तीन दाणे पडतील, शेजारच्या चार रिकाम्या राहतील. तीन दाण्यांच्या फरशीत काही खास नसतं. आपण मात्र तीनवाली फरशी बघतो आणि रिकाम्या फरशांकडे लक्षच देत नाही, "आमच्या कॉलनीत एकालाही नाही हो" असा फोन मला आजपर्यंत कोणी केलेला नाही. आणि तिघांनाही एमएसच आहे का हे कागद बघून खात्री केलीये का? एकदा मला असेच तिघे सांगितले होते, त्यातल्या एकाला स्लिप डिस्क निघाली आणि दुसऱ्याला पक्षाघात.

कशाने होतो मग?

एकच कारण नाही. काही जनुकं धोका वाढवतात. एपस्टीन-बार नावाचा व्हायरस, २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीच्या वर लोकांच्या नोंदींवरून दिसलं की या व्हायरसची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. पण हा व्हायरस मोठेपणी जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो आणि बहुतेकांना काही होत नाही, म्हणून रक्त तपासून घ्यायला धावू नका. सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा, ड जीवनसत्त्वाची कमतरता, ही बाकीची.

ऊन जास्त तिथे एमएस कमी म्हणतात. आपल्याएवढं ऊन कुठे आहे?

जगाच्या नकाशावर ते दिसतं खरं, विषुववृत्तापासून लांब जाल तसा एमएस वाढतो. पण मंगळूर १३ अंशांवर, आपण २१ वर, म्हणून आपल्याकडे जास्त असणार असा हिशोब घालू नका, आठ अंशांत एवढं काही ठरत नाही. आणि ऊन आहे म्हणून अंगात ड जीवनसत्त्व आहे असंही नाही. मे महिन्यात बारा ते पाच जळगावचे रस्ते ओस असतात, बाहेर पडलाच तर डोक्याला रुमाल, बायकांना तोंडभर स्कार्फ आणि हाताला सनकोट. ऊन रस्त्यावर पडतं, अंगावर नाही.

जागेचा प्रभाव मात्र आहे. इंग्लंडमध्ये गेलेल्या भारतीय उपखंडातल्या लोकांत एमएस कमी होता, पण त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांत तो तिथल्या लोकांच्या जवळपास गेला, असं १९९० च्या सुमाराला दिसून आलं. रक्त तेच, गाव बदललं.

ऊन एमएसपासून वाचवतं की नाही ते राहू द्या, पण एमएस झालेल्या माणसाला आपलं ऊन छळतं हे नक्की. अंग तापलं की आधीची दुखणी पुन्हा वर येतात, १८९० मध्ये ऊटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने हे लिहून ठेवलंय. एमआरआय नव्हते तेव्हा तर निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे. भुसावळला वेगळा टब लागत नाही. पारा चव्वेचाळीसला गेला की ताईचा डावा डोळा पुन्हा धुरकटतो, कपाटावरच्या घड्याळाचे काटे तिला दिसत नाहीत. मग ती ओला पंचा मानेवर टाकून कूलरसमोर बसते आणि अर्ध्या-पाऊण तासाने सांगते, "दिसायला लागले रे काटे, चार वाजले." हा नवा झटका नसतो, अंग थंड झालं की उतरतं. त्रास चोवीस तासांच्या वर टिकला तर मात्र डॉक्टर. आमच्याकडे नवीन पेशंटचे फोन मे-जूनमध्ये जास्त येतात, ते बहुधा याचमुळे, त्यावरून उन्हाळ्यात एमएस "होतो" असं समजू नका.

बायकांनाच का जास्त?

जगात दर तिघांत दोन बायका. का, ते पूर्ण उलगडलेलं नाही, हार्मोन वगैरे कारणं सांगतात. आपल्याकडे एक भर घाला, घरातल्या बाईचा थकवा कोणी आजार म्हणून धरतच नाही. त्यामुळे बायकांचा आकडा आहे त्याच्यापेक्षाही कमी दिसत असेल, असा माझा संशय आहे.

घरात एकाला आहे, बाकीच्यांना होईल का?

आई-बाप किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका शेकड्याला दोन-तीन, म्हणजे ९७ जणांना होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक. सगळं घर एमआरआयला नेऊ नका, मी ताईनंतर स्वतःचा काढून आलो होतो, पैसे गेले.

मुलीचं लग्न जमवायचंय. सांगायचं का?

हा प्रश्न आकड्यांच्या पानावर कशाला असं वाटेल, पण आकडा जिथे सगळ्यात जास्त गळतो ती ही जागा आहे. विशीतल्या मुलीचं निदान झालं की सगळ्यात आधी फाइल लपते. औषध दुसऱ्या गावाहून, डॉक्टर परजिल्ह्यातला, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव नको. असे फोन मला येतात, रात्री दहानंतर, "फक्त माहिती पाहिजे होती, नाव नका विचारू." मी विचारत नाही. माझं स्वतःचं मत म्हणाल तर सांगून करा, लपवलेलं औषध वेळेवर घेता येत नाही. एमएस असलेल्या बायका आई होतात, फक्त औषधांचं नियोजन आधी डॉक्टरांशी बोलून करावं लागतं.

मोजून आमचा काय फायदा?

लगेच दिसतो असा सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एमएस नावानिशी आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती मिळतात, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. पण ते टक्के ठरवायला कॅम्पात बसलेल्याने यापूर्वी एमएसचा पेशंट बघितलेलाच नसेल तर काय होतं ते आम्ही अनुभवलंय. ताई सकाळी चालत आत गेली, टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तर चांगल्या चालताय." दुपारी साडेतीनला, रांगेतल्या उकाड्यानंतर, तिला उचलून रिक्षात बसवावं लागलं. तो साहेब वाईट नव्हता, त्याच्या नोंदीत हा आजारच नव्हता.

औषधाच्या दुकानाचंही तसंच. आता डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड अशा गोळ्या भारतीय कंपन्यांच्या मिळतात, १९९३ मध्ये अमेरिकेत एमएससाठी पहिलं इंटरफेरॉनचं इंजेक्शन मंजूर झालं त्या मानाने दिवस बरे आहेत. पण दुकानदार म्हणतो एकट्यासाठी मागवणार नाही, पडून राहील. गावात दहा जण आहेत म्हटल्यावर तोच मागवतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करतेय, मुंबई-पुण्याला शाखा आहेत, तिथे नाव नोंदवा. ३० मे हा जागतिक एमएस दिवस असतो, नेमका आपल्या भर उन्हाळ्यात, त्यामुळे आमचा कार्यक्रम संध्याकाळी सातनंतरच.

तुमच्या वहीत किती नावं आहेत?

वही आहे, शंभर पानी, लाल कापडी बाइंडिंगची. नाव, गाव, पहिला त्रास कधी, निदान कधी आणि कुठे, एवढंच लिहितो, आणि गाव म्हणजे सध्या राहता ते, फाइलवरचं नव्हे. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांची एक ओळ रिकामी सोडून नुसतं गाव लिहितो. आकडा सांगणार नाही. सांगितला की संध्याकाळपर्यंत तो "खान्देशात एमएसचे एवढे रुग्ण" होऊन माझ्याच फोनवर परत येईल, एकदा आलेला आहे.